दोन सलाईनींच्या मधले वीस दिवस

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील एका घोषणेचे स्वागत विरोधी बाकांवरूनही व्हावयास हरकत नव्हती. तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाच्या दिवसभराच्या उपचाराची केंद्रे उघडावयाची आणि त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षात उभी करावयाची, असा तो संकल्प होता. गडचिरोलीच्या माणसाला किमोच्या एका सलाईनसाठी सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागू नये, ही गोष्ट कोणाही समाजवाद्याला मान्यच होईल. तथापि घोषणेत काय आहे एवढेच पाहून भागत नाही. काय नाही तेही पाहावे लागते. सलाईन एका दिवसाची असते. पुढची सलाईन बहुधा एकविसाव्या दिवसानंतर. मधले वीस दिवस रुग्ण कोठे असतो? तो घरी असतो. आणि त्या वीस दिवसांत त्याच्या पोटाचे, तोंडाचे, आतड्याचे काय होते, याचा हिशेब कोणत्याही अर्थसंकल्पात मांडलेला नाही.

समाजवादी चळवळीने ‘पोटाचा प्रश्न’ हा शब्दप्रयोग आजवर भाकरीच्या अर्थाने वापरला. कर्करुग्णाच्या बाबतीत तो अक्षरशः घ्यावयाचा आहे. समोर भाकर असूनही ती गिळता येत नाही, गिळली तर टिकत नाही आणि टिकली तर अंगी लागत नाही, अशी ही अवस्था असते. कर्करोगाचे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाला घालते. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण ओठांपासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाचे जे अस्तर असते त्याच्या पेशीही दर काही दिवसांनी नव्याने घडत असतात. औषधाला आपपर कळत नाही. म्हणून कर्करोग कोठलाही असो, उपचाराचा पहिला मार पचनसंस्थेवर बसतो. मळमळ, ओकारी, तोंड येणे, चव जाणे, ढाळ किंवा त्याच्या उलट मलावरोध, अशी ही मालिका आहे. लोक तिला ‘किमो उष्ण पडली’ असे म्हणतात आणि नशिबाचा भाग म्हणून सोसतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की हा नशिबाचा भाग नव्हे. या त्रासांवरचे उपाय बहुतांशी ठाऊक आहेत आणि त्यांतील बहुतेक स्वस्त आहेत. ते रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत, याचे कारण वैद्यकशास्त्रात नसून आपल्या सार्वजनिक व्यवस्थेत आहे.

नागपूरचे वास्तव

मध्य भारतातील कर्करुग्णांचा ओघ वर्षानुवर्षे नागपूरकडे वाहत आला आहे. विदर्भातील जिल्ह्यांबरोबरच मध्य प्रदेशातील बालाघाट-छिंदवाडा आणि शेजारचे छत्तीसगड येथूनही रुग्ण येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, कॅन्सर रिलीफ सोसायटीचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, अलीकडे जामठ्याची संस्था आणि मिहानमधील एम्स अशी केंद्रे शहरात आहेत. ज्यांच्या नावाने त्यांतील एक रुग्णालय उभे आहे ते तुकडोजी महाराज स्वतः १९६८ साली कर्करोगानेच गेले. नागपुरातील कर्करोगाची नोंदवही १९८० पासूनची आहे, आणि तोंडाचा कर्करोग या शहराच्या किती जवळचा आहे हे सांगावयास तिची पाने उलटण्याचीही गरज नाही. चौकाचौकांत तंबाखू, सुपारी व चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला खर्रा मिळतो. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र हातानेच घोटला जात राहिला.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात किरणोपचार, म्हणजे बोलीत ज्याला ‘शेक’ म्हणतात तो, आठवड्याचे पाच दिवस असा सहा-सात आठवडे चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघते आणि लाळ आटते. या संत्र्यांच्या नगरीत भेटीला येणारा प्रत्येक नातेवाईक प्रेमाने संत्री घेऊन येतो आणि तोंड आलेल्या रुग्णाला त्या रसाचा घोट निखाऱ्यासारखा लागतो. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे दुखणे वेगळे. तेथे ओटीपोटावर शेक बसतो आणि त्याखालचे आतडे भाजले गेल्यासारखे होते. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा शौचास जावे लागते. अनेकींना त्याच काळात आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन हे औषधही चढविले जाते. म्हणजे वरून ओकारी आणि खालून ढाळ. त्यात मे महिना असला, पारा पंचेचाळीस अंशांवर गेला, तर अंगातील पाणी आटावयास एक दिवसही पुरतो.

अशा वेळी रुग्ण काय करतो? तो उपचार थांबवतो. ‘थोडी ताकद येऊ द्या, मग जाऊ’ असे घरचे ठरवतात. माणूस म्हणून हा निर्णय समजण्याजोगा आहे. रोगाच्या दृष्टीने तो घातक आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचार एकूण आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा, असा वैद्यकाचा दंडक आहे. त्यापुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते. तोंड-घशाच्या कर्करोगातही मधल्या खंडाची किंमत एवढीच किंवा किंचित अधिक आहे. दहा दिवस ढाळामुळे घरी राहणे म्हणजे बरे होण्याच्या संधीतील दहावा हिस्सा गमावणे होय. ज्या रुग्णाने कर्ज काढून, बैल विकून, मुलाचे शिक्षण थांबवून उपचार सुरू केला, त्याच्या बाबतीत हे घडते आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून केवळ ‘कर्करोग’ लिहिले जाते.

ठाऊक असलेले उपाय

ओकारीपासून सुरुवात करू. सिस्प्लाटिनसारखे औषध कोणतीही पूर्वतयारी न करता दिले तर दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांना ओकाऱ्या होतात. हे औषध आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन नावाचे द्रव्य सांडवते आणि ते मेंदूला ओकारीचा निरोप धाडते. १९९१ नंतर प्रचारात आलेले ऑन्डान्सेट्रॉन हाच निरोप अडवते. आज त्याची गोळी काही रुपयांना मिळते. जोडीला डेक्सामेथासोन दिले जाते, तेही स्वस्त. परंतु ओकारीचा दुसरा टप्पा सलाईननंतर चोवीस तासांनी सुरू होऊन पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळतो. तोवर रुग्ण गावी पोहोचलेला असतो. पहिल्या टप्प्याचा बंदोबस्त रुग्णालयाच्या खाटेवर होतो. दुसऱ्याचा व्हावयाचा तर रुग्णाच्या पिशवीत चार-पाच दिवसांच्या गोळ्या असाव्या लागतात आणि त्या ओकारी होण्याची वाट न पाहता वेळेवर घ्यावयाच्या आहेत, हे त्याला कोणी तरी सांगितलेले असावे लागते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा येथे उपयोग नाही. पहिल्याच खेपेला ओकाऱ्यांनी हैराण झालेल्या रुग्णाला पुढे रुग्णालयाच्या नुसत्या वासानेही मळमळू लागते आणि मग गोळीही नीट लागू पडत नाही.

या संदर्भात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एक संशोधन प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावे असे आहे. ओलान्झापिन हे मुळात मनोविकारावरील औषध. किमोची ओकारी आणि विशेषतः मळमळ रोखण्यास ते उपयोगी पडते, हे आधीच दिसून आले होते. पण दहा मिलिग्रॅमच्या प्रचलित मात्रेने रुग्ण दिवसभर गुंगीत राही. २०२४ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या टाटाच्या चाचणीने दाखवून दिले की अडीच मिलिग्रॅमची, म्हणजे चौथाई मात्रा तेवढेच काम करते आणि गुंगी पुष्कळ कमी आणते. या औषधाचे पेटंट केव्हाच संपले आहे. त्याची मात्रा घटवण्यात कोणत्याही कंपनीचा नफा नाही, किंबहुना तोटाच आहे. असा प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर शोधण्याची फुरसत सार्वजनिक रुग्णालयालाच असते. संशोधन बाजारावर सोडावे असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

ढाळाचे औषध त्याहून जुने आहे. साखर, मीठ आणि पाणी हे गेल्या शतकातील सर्वांत स्वस्त प्राणरक्षक औषध १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हजारो पटकीग्रस्तांना पाजले. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले तेव्हा त्यांनी पिंपांतून हे पाणी वाटले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे सोपवले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढेच ते आहे. किमो किंवा शेक यांमुळे होणाऱ्या ढाळातही अंगातील पाणी भरून काढण्यासाठी हेच लागते. त्याच्या जोडीला ढाळ थोपवणारी लोपेरामाइडची गोळी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत घ्यावयाची असते. भाताची पेज, मुगाचे पातळ वरण, केळे, पाण्यात शिजवलेली साबुदाण्याची लापशी अशा अन्नाचा आधार होतो; दूध या काळात पुष्कळांना सोसत नाही; तर्री, मिरची आणि तळण यांना काही आठवडे रजा द्यावी लागते.

तोंड आले असता एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरणे, मऊ ब्रश वापरणे, खर्रा-तंबाखू पूर्ण सोडणे आणि आंबट, तिखट, फार गरम पदार्थ टाळणे, एवढ्याने त्रास नाहीसा होत नसला तरी जंतुसंसर्ग टळतो आणि गिळणे सुसह्य होते. गिळणे अशक्यच झाले तर नाकातून नळी घालून पातळ अन्न देता येते. त्या नळीला लोक ‘शेवटची निशाणी’ समजून नकार देतात. वास्तविक ती काही आठवड्यांचा पूल असते. मलावरोधाची गोष्ट मात्र कोणी काढतच नाही. व्हिन्क्रिस्टिनसारखी औषधे, वेदनेवरील मॉर्फिन आणि खुद्द ओकारीवरचे ऑन्डान्सेट्रॉन यांमुळे आतड्याची गती मंदावते. मॉर्फिन सुरू करतानाच रेचक सुरू करावयाचे असते, कुंथून रक्त पडल्यावर नव्हे.

या सर्वांहून एक नियम अधिक महत्त्वाचा आहे. किमोनंतरच्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. अशा वेळी ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, शौचातून रक्त पडले, चोवीस तास पाणीही पोटात टिकेना किंवा लघवी होईनाशी झाली, तर घरगुती उपाय करीत बसावयाचे नाही. त्याच क्षणी रुग्णालय गाठावयाचे. अशा तापात रात्र काढणे प्राणावर बेतते. घरात एक साधा तापमापक असणे, एवढ्यावर एक जीव अवलंबून असू शकतो.

हिशेब कोणाच्या वहीत?

मग हे सारे रुग्णापर्यंत का पोहोचत नाही? अर्थशास्त्रात काही वस्तूंना पूरक वस्तू म्हणतात. एकीवाचून दुसरीचा उपयोग नसतो, जसे एका चाकाची बैलगाडी चालत नाही. कर्करोगाचे औषध आणि त्याचे दुष्परिणाम आवरण्याची व्यवस्था या अशाच पूरक वस्तू आहेत. शासनाने पहिलीवर खर्च करावा आणि दुसरी रुग्णाच्या खिशावर सोडावी, हा काटकसरीचा नव्हे तर उधळपट्टीचा कारभार झाला. सहा सलाईनींच्या उपचारात रुग्ण तिसरीनंतर घरी बसला तर पहिल्या तिन्हींवर झालेल्या सार्वजनिक खर्चाचे फळही हातचे निसटते. काही रुपयांच्या गोळ्यांअभावी हजारो रुपयांचे औषध वाया जाते आणि लेखापरीक्षणात ते ‘खर्च झाले’ या सदरातच दिसते.

महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो आणि किरणोपचार तीत येतात, आणि तिने असंख्य कुटुंबांना सावकाराच्या दारातून परत आणले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु या योजनेचे मोजमाप ‘पॅकेज’ हे आहे. पॅकेज प्रक्रियेचे असते, माणसाचे नसते. सलाईन चढली की पॅकेज पुरे होते. रुग्ण मात्र तेव्हाच खऱ्या अर्थाने आजारी पडावयास लागतो. कार्ड असूनही रुग्णाच्या घरच्यांचा खिसा रिकामा होतो तो येथे. गावाजवळच्या खाजगी दवाखान्यातील सलाईन, जीपचे भाडे, बुडालेली मजुरी, दुकानातून आणलेला महागडा प्रथिनांचा डबा यांची पावती कोणत्याही योजनेत बसत नाही.

अन्नाचेच पाहा. उपचार सोसावयाचा तर रुग्णाला दररोज किलोमागे एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या माणसाला पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम. रेशनच्या दुकानातून मिळते ते प्रामुख्याने धान्य. डाळ, अंडी, शेंगदाणे ज्याचे त्याने पाहावयाचे. क्षयरुग्णाच्या बाबतीत शासनाने ही गोष्ट ओळखली. २०१८ पासून त्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. क्षयाचे औषध पोषणावाचून लागू पडत नाही हे ज्यांना पटले, त्यांना कर्करोगाच्या बाबतीत तेच का पटू नये? संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करुग्णाला दरमहा मदत मिळू शकते. ती २०२३ साली १,५०० रुपये करण्यात आली. पण त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. म्हणजे साऱ्या कुटुंबाला दिवसाकाठी अठ्ठावन रुपयांहूनही कमी. १९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत भारतीय माणसाच्या रोजच्या तीन आण्यांचा हिशेब मांडला तेव्हा सत्ताधाऱ्यांनी तो खोटा ठरवण्याचा प्रयत्न केला. आज शासन स्वतःच गरिबीची रेघ इतकी खाली ओढते की तिच्याखाली रोजंदारीवरचा शेतमजूरही मावत नाही.

घरातील बिनपगारी परिचारिका

या वीस दिवसांचा एक भार तर कोणत्याच वहीत चढत नाही. ओकारीचे भांडे धुणारी, लुगडी आणि चादरी उकळून काढणारी, दोन-दोन तासांनी चमच्याने पेज भरवणारी, रात्री उठून पाणी पाजणारी कोण असते? ती बायको असते, सून असते, शाळा सुटलेली मुलगी असते. रुग्णालयाने जे काम आपल्या अंगावरून झटकले ते तिच्या अंगावर पडले. त्यापायी तिची मजुरी बुडाली आणि राष्ट्रीय उत्पन्नात मात्र तिच्या श्रमाची दमडीचीही नोंद झाली नाही. आणि रुग्ण तीच असेल तर? बाईचे तोंड आले, बाईला ढाळ लागले, तरी चूल तिचीच असते. फोडणीच्या वासाने पोटात ढवळून येत असता ती इतरांसाठी भाजी परतते. पुरुष रुग्णाबरोबर रुग्णालयात बहुधा कोणी तरी असते. बाईच्या खाटेपाशी सोबत कमी दिसते.

शौचालयाचा प्रश्नही येथे मुळाशी आहे. स्त्रियांच्या शौचकूपाचा प्रश्न हा राजकारणाचा पहिल्या पंक्तीचा प्रश्न आहे, असे लोहिया सांगत तेव्हा प्रतिष्ठित लोक नाके मुरडीत. ओटीपोटावर शेक घेतलेल्या बाईला विचारा. एस.टी.च्या चार तासांच्या प्रवासात तिने काय करावे? दहा वेळा जावे लागणार म्हणून ती आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणे सोडते, आणि जे पाणी तिचे औषध आहे तेच नेमके तिच्या पोटात जात नाही. गावात शौचालय बांधलेले आहे, पण नळाला पाणी नाही. शहरात धर्मशाळेत जागा नाही म्हणून रुग्णालयाच्या आवारात पथारी आहे. रेल्वे कर्करुग्णाला शयनयानाचे भाडे माफ करते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्रवासाची सवलत म्हणजे मुक्कामाची सोय नव्हे. विदर्भाच्याच मातीतून आलेल्या गाडगेबाबांनी हे ओळखले होते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा आणि रोग्याला औषध यांना त्यांनी एकाच यादीत बसवले. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही बाहेरगावच्या कर्करुग्णांना आसरा देते. बाबांच्या यादीतील कलमे आपल्या शासनाने मात्र निरनिराळ्या खात्यांत वाटून टाकली आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडू नये अशी व्यवस्था केली.

आक्षेप आणि उत्तरे

यावर पहिला आक्षेप येईल तो डॉक्टरांच्या बाजूने. बाह्यरुग्ण विभागात शेकडो रुग्ण उभे असता प्रत्येकाला वीस दिवसांचे मार्गदर्शन कसे करावयाचे? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच हे काम डॉक्टरांवर टाकावयाचे नाही. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील बायांना शिकवून नवजात अर्भकांची घरच्या घरी शुश्रूषा शक्य असल्याचे दाखवून दिले. १९९९ साली ते संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे देशाच्या धोरणात उतरले. न्यूमोनिया झालेले अर्भक ओळखण्यास जी बाई शिकू शकते, ती तापमापक पाहण्यास, ढाळ मोजण्यास आणि गोळ्या वेळेवर घेतल्या की नाही हे विचारण्यास शिकू शकणार नाही काय? २००५ पासून गावोगावी आशा कार्यकर्ती आहे. मात्र हे काम तिच्यावर लादावयाचे असेल तर त्याचा मोबदलाही तिला द्यावा लागेल. एका बाईचे बिनपगारी श्रम दुसऱ्या बाईच्या अल्पपगारी श्रमावर ढकलणे, याला सुधारणा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की माहितीपत्रके तर छापलेली असतात. असतात, पण ती वाचणारा हवा. भामरागडचा माडिया आणि धानोऱ्याचा गोंड यांना ग्रंथी मराठीतील पत्रकाचा उपयोग किती? तिसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर वर दिलेलेच आहे. ज्यावर मोठा खर्च आहे ते औषध शासन देतच आहे. मागणी आहे ती त्या खर्चाचे चीज करणाऱ्या किरकोळ रकमेची. शिवाय लोक आपला वाटा उचलावयास तयार असतात, हे सेवाग्रामने दाखवले आहे. तेथील कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी ज्वारीच्या रूपात आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी जमवून आरोग्याचा विमा उतरवला. ज्याची शेती अधिक त्याची ज्वारी अधिक. उपचार मात्र सर्वांना गरजेप्रमाणे. समाजवादाची याहून सोपी व्याख्या पाठ्यपुस्तकात सापडावयाची नाही.

चौथा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण तो सर्वांत बळकट आहे. ओकारी आणि ढाळ हे बोलण्याचे विषय नव्हेत, असा तो आहे. यंत्र आले की नाही, इमारत केव्हा पुरी होणार, यावर मोर्चे निघतात, वृत्तपत्रे मथळे देतात, न्यायालयात याचिका होतात. आणि ते योग्यच आहे. पण यंत्राचे उद्घाटन करता येते, कोनशिला बसवता येते; ओकारी थांबल्याची कोनशिला बसत नाही. या मौनाचा लाभ मग निराळेच लोक घेतात. ज्याला रुग्णालयाने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या नाहीत त्याला गावचा बुवा अंगारा देतो, कोणी काढा विकतो, कोणी ‘किमोने माणूस मरतो, ती सोडा’ असा सल्ला देतो. रुग्ण बुवाकडे अज्ञानापोटी जातो असे म्हणणे अर्धसत्य आहे. तो पुष्कळदा त्रासापोटी जातो, कारण त्या त्रासाची विचारपूस करणारा तो बुवाच एकटा असतो.

मागण्या आणि काम

तेव्हा मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. एक, महात्मा फुले योजनेतील किमो आणि किरणोपचार यांच्या पॅकेजमध्ये पुढच्या खेपेपर्यंतची ओकारी, ढाळ, मलावरोध आणि तोंड येणे यांवरील औषधे, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि एक तापमापक यांची पिशवी रुग्णाच्या हातात पडल्याखेरीज पॅकेजची रक्कम रुग्णालयास मिळू नये. दोन, जिल्हा रुग्णालयांतील नव्या केंद्रांत प्रशिक्षित परिचारिका व आहारतज्ज्ञ असावा आणि दिवसरात्र उचलला जाईल असा एक दूरध्वनी असावा. तेथे मराठीखेरीज गोंडी आणि माडियाही बोलली जावी. तीन, उपचाराच्या काळात कर्करुग्णास क्षयरुग्णाप्रमाणे पोषणभत्ता मिळावा आणि निराधार योजनेची २१,००० रुपयांची मर्यादा वाढवावी. चार, किरणोपचाराच्या सहा-सात आठवड्यांसाठी रुग्ण व सोबती यांना पाणी आणि शौचालय असलेला निवारा हा उपचाराचाच भाग मानावा.

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या वस्तीत, आपल्या गावात किमो किंवा शेक घेत असलेले रुग्ण कोण आहेत, याची यादी प्रत्येक शाखेजवळ असली पाहिजे. रुग्ण नागपुराहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन चार प्रश्न विचारावेत: पाणी पोटात टिकते का? शौचास किती वेळा झाले? ताप आहे का? पुढची तारीख केव्हाची? त्याच्या कागदांत ओकारीची गोळी लिहिलेली नसेल तर पुढच्या खेपेला ती डॉक्टरांकडे मागावयास त्याला धीर द्यावा. मागणे हा उद्धटपणा नव्हे. तहसील कचेरीतील अर्ज भरून द्यावा. औषध मात्र कार्यकर्त्याने स्वतःच्या मनाने सुचवू नये. त्याचे काम रुग्ण आणि रुग्णालय यांच्यामधील तुटलेली दोरी जोडण्याचे आहे.

आजारपण ही खाजगी बाब आहे आणि उपचार ही बाजारातील वस्तू आहे, या दोन समजुतींच्या मध्ये कर्करुग्णाचे हे वीस दिवस हरवलेले आहेत. ते सार्वजनिक हिशेबाच्या वहीत आणावयाचे, तर आधी कोणी तरी त्या घरात जाऊन बसले पाहिजे. पुढची सलाईन ठरल्या दिवशी चढली, तर त्या बसण्याचे सार्थक झाले असे समजावे.